गेमिंगसाठी ४के मॉनिटर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राफिक्स कार्ड आपण दर काही वर्षांनी बदलतो. मॉनिटर मात्र एकदा टेबलावर चढला की दोन-तीन कार्डं जुनी होईपर्यंत हलत नाही. तरीही बहुतेक जण कार्डाचा महिनाभर अभ्यास करतात आणि मॉनिटर तासाभरात निवडून मोकळे होतात. ओळखीतले लोक मला याबद्दल सतत विचारतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. माझं सांगणं थोडक्यात असं की खोक्यावरचे आकडे वाचायच्या आधी दोन गोष्टी मोजा: तुमच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर आणि तुमच्या कार्डाची ताकद. बाकीचे निर्णय या दोन्हींतूनच निघतात.

१०८०पी, १४४०पी आणि ४के यांत नेमका किती फरक असतो?

१०८०पी म्हणजे १९२० × १०८०, सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल. १४४०पी म्हणजे २५६० × १४४०, सुमारे ३६ लाख ८६ हजार. ४के म्हणजे ३८४० × २१६०, जवळपास ८३ लाख. म्हणजे ४के हे १०८०पीच्या बरोबर चौपट आणि १४४०पीच्या बरोबर सव्वादोन पट. हा सव्वादोनचा आकडा लक्षात असू द्या, कार्डाचा हिशेब करताना तो पुन्हा लागेल.

सिनेमागृहातलं ४के ४०९६ पिक्सेल रुंद असतं. मॉनिटरच्या बाबतीत ४के म्हटलं की ३८४० हेच समजायचं. त्यापुढे ५के येतं, ५१२० × २८८०, म्हणजे जवळपास १ कोटी ४७ लाख पिक्सेल. गेमिंगसाठी एवढा भार उचलणारी कार्डं आजही थोडीच आहेत.

एवढे पिक्सेल ही तशी नवी गोष्ट नाही. आयबीएमने २००१ मध्येच टी२२० नावाचा २२.२ इंची मॉनिटर आणला होता, ३८४० × २४०० रिझोल्यूशनचा. पण त्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा नवं चित्र येतं तो आकडा, ४१ हर्ट्झच्या आसपास होता आणि पूर्ण चित्र पोचवायला एका केबलने भागत नसे. पिक्सेल तयार होते, ते पुरेशा वेगाने वाहून नेणारी वाट तयार व्हायला आणखी बरीच वर्षं लागली.

२७ इंचावर ४के आणि १४४०पी यांतला फरक डोळ्यांना दिसतो का?

हा मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. उत्तरासाठी मोजपट्टी आणा आणि नेहमी बसता तसे बसून डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. ताठ बसून मोजू नका, तासभर खेळल्यावर जसे बसलेले असता तसं मोजा.

चांगली नजर साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे एका कलेइतका बारकावा वेगळा ओळखू शकते. २७ इंची १४४०पी पडद्यावर एक पिक्सेल सुमारे ०.२३ मिलिमीटरचा असतो. तो ८० सेंटिमीटरच्या आत बसलेल्या माणसाला वेगळा जाणवू शकतो. २७ इंची ४के पडद्यावर पिक्सेल ०.१६ मिलिमीटरपेक्षा किंचित लहान असतो आणि ५४ सेंटिमीटरच्या पुढे तो नजरेत विरघळून जातो. ३२ इंची ४के पडद्यासाठी हेच अंतर सुमारे ६३ सेंटिमीटर आहे. टेबलावर काम करणारी बरीच माणसं ६० ते ७५ सेंटिमीटरवर बसतात. तुम्हीही त्यांतले असाल तर १४४०पीचे पिक्सेल तुमच्या नजरेच्या टप्प्यात आहेत आणि ४केचे जवळजवळ टप्प्याबाहेर. मीटरभर मागे सरकून कंट्रोलर घेऊन खेळत असाल तर २७ इंचावर हा फरक बराचसा पुसला जातो.

पण हे झालं स्थिर चित्राचं. गेम हलतो, आणि हलत्या चित्रात फरक अधिक उघडा पडतो. मी एकदा दोन्ही मॉनिटर शेजारी ठेवून एकच दृश्य पाहिलं होतं: डोंगरउतारावरून दूर गेलेल्या विजेच्या तारा. १४४०पीवर कॅमेरा वळला की तारांचे मणी व्हायचे. मध्येच तुटायच्या, पुन्हा जोडल्या जायच्या, चमचमायच्या. ४केवर तीच तार एका बारीक, सलग रेघेसारखी राहिली. जाळीचं कुंपण, झाडाच्या टोकाची पानं, शर्यतीच्या गेममध्ये लांबवर दिसणारं वळण या सगळ्याला हेच लागू पडतं. चित्र अधिक स्पष्ट झालं यापेक्षा चित्र शांत झालं असं मी म्हणेन, आणि ४केचा खरा फायदा मला तोच वाटतो.

मग २७ इंच घ्यावा, ३२ की थेट ४२?

२७ इंचावर ४केची घनता इंचाला १६३ पिक्सेल पडते, ३२ इंचावर १३८ आणि ४२ इंचावर १०५. तुलनेसाठी, २७ इंची १४४०पीची घनता १०९ आहे. म्हणजे ४२ इंची ४के पडदा २७ इंची १४४०पीपेक्षा अधिक रेखीव नसतो, फक्त तेवढ्याच रेखीव चित्राचा मोठा तुकडा असतो. त्याला टेबलही खोल लागतं, नाहीतर कोपऱ्यातला नकाशा पाहायला मान फिरवावी लागते.

माझा कल ३२ इंचाकडे आहे. गोष्टीच्या ओघात रमवणारे, मोठ्या जगात हिंडवणारे गेम तुम्हाला आवडत असतील तर हा आकार मन भरून टाकतो. नेमबाजीचे स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्यांनी २७ घ्यावा, कारण सगळा पडदा एका नजरेत मावणं तिथे महत्त्वाचं असतं.

एक घोडचूक मात्र टाळा: ३२ इंची १४४०पी. त्याची घनता ९२ पडते, म्हणजे २४ इंची १०८०पीइतकीच. पडदा मोठा झाला, पण चित्र होतं तिथेच राहिलं.

माझं ग्राफिक्स कार्ड ४केला पुरेल का?

आता तो सव्वादोनचा आकडा काढा. १४४०पीला तुमचं कार्ड सेकंदाला ९० फ्रेम, म्हणजे ९० चित्रं, देत असेल तर ४केला तेच सेटिंग ठेवून साधारण ४५ ते ५० च्या घरात येईल. कामाचा प्रत्येक भाग पिक्सेलच्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे घट नेमकी सव्वादोन पट नसते, पण अंदाज बांधायला हे पुरेसं आहे. मॉनिटर घेण्याआधीच हा प्रयोग करून पाहता येतो. एनव्हिडिया आणि एएमडी, दोघांच्याही ड्रायव्हरमध्ये पडद्याच्या मूळ रिझोल्यूशनपेक्षा मोठं चित्र काढून ते लहान करून दाखवण्याची सोय आहे. ती चालू करा, गेम ३८४० × २१६० वर लावा आणि फ्रेम मोजा. तुमचाच गेम, तुमचंच कार्ड, तुमचाच आकडा. लोकांच्या चाचण्यांपेक्षा हा आकडा अधिक भरवशाचा.

मेमरीकडेही बघा. ४केला ८ जीबी मेमरीचं कार्ड अनेक नव्या गेममध्ये अडखळतं, आणि ते सरासरी फ्रेममध्ये दिसतंच असं नाही. वळताना मध्येच एक झटका बसतो, भिंतीचं टेक्स्चर क्षणभर धुरकट राहतं आणि मग भानावर येतं. १२ जीबी असेल तर निभावतं. १६ जीबी असेल तर हा विषय डोक्यातून काढून टाका.

एक दिलासाही आहे. रिझोल्यूशन वाढवलं की वाढीव काम जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डावर पडतं, प्रोसेसरवर नाही. त्यामुळे ४केसाठी चांगला पण दोन-तीन वर्षं जुना प्रोसेसर लगेच बदलायची गरज सहसा नसते.

डीएलएसएस, एफएसआर वापरलं तर ४केचा काय उपयोग? ते तर खालच्या रिझोल्यूशनवरून वाढवलेलं चित्र असतं ना?

असतं. आणि माझ्या मते ४के मॉनिटर घेण्याचं सर्वांत मजबूत कारण आज तेच आहे.

खालच्या रिझोल्यूशनचं चित्र वाढवून दाखवणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस २०१८ मध्ये आलं तेव्हा त्याचं चित्र धूसर असायचं, ती टीका रास्त होती. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मात्र ते आधीच्या फ्रेममधली माहिती वापरून चित्र उभं करू लागलं आणि दर्जा एकदम वर गेला. एएमडीचं एफएसआर २०२१ मध्ये आलं, इंटेलचं एक्सईएसएस २०२२ मध्ये. ४केवर डीएलएसएसचा क्वालिटी मोड लावला की गेम आतून २५६० × १४४० वर चालतो आणि पर्फॉर्मन्स मोडमध्ये १९२० × १०८० वर. म्हणजे कार्डावरचा भार १४४०पीच्या जवळपास, चित्र वाढवण्याचं थोडं काम धरून, आणि पडद्यावर दिसतं ते निव्वळ १४४०पीपेक्षा कितीतरी सरस. म्हणून प्रश्न असा विचारा: माझं कार्ड १४४०पी आरामात चालवतं का? चालवत असेल तर ४के मॉनिटर तुमच्या आवाक्यात आहे.

फ्रेम जनरेशन हा वेगळा प्रकार. त्यात दोन खऱ्या फ्रेममध्ये एक किंवा अधिक फ्रेम तयार करून घुसवल्या जातात. हालचाल मऊ दिसते, पण माऊस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. आधीच ६० च्या आसपास फ्रेम मिळत असतील तरच ते चालू करा. ३० चे ६० करायला गेलात तर आकडा ६० दिसेल आणि हात चिखलात रुतल्यासारखे वाटतील.

४के मॉनिटरवर कधीतरी १४४०पी किंवा १०८०पी लावलं तर चित्र बिघडतं का?

१०८०पीचा एक पिक्सेल ४केच्या बरोबर चार पिक्सेलांत बसतो. ड्रायव्हरमध्ये इंटिजर स्केलिंग (पिक्सेल पूर्ण पटीतच मोठा करण्याची सोय) चालू केलं तर कडा कोऱ्या राहतात, आणि जुन्या पिक्सेल-कलेच्या गेमना तर ते फार शोभतं. १४४०पीचं गुणोत्तर दीडपट येतं, पिक्सेल अर्धा कापता येत नाही, म्हणून चित्र थोडं मऊ होतं. २७ इंचावर ते सुसह्य असतं.

त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे गेमचं रिझोल्यूशन ४केच ठेवायचं आणि गेममधलं रेंडर स्केल कमी करायचं. म्हणजे मेनू, नकाशा आणि अक्षरं पूर्ण ४केमध्येच राहतात आणि फक्त त्रिमितीय दृश्य खालच्या रिझोल्यूशनवर काढलं जातं.

६० हर्ट्झ पुरेल का, की १४४ किंवा २४० हवंच?

६० हर्ट्झला दर १६.७ मिलीसेकंदांनी नवीन चित्र येतं, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२ मिलीसेकंदांनी. ६० वरून १४४ ला जाताना जवळपास १० मिलीसेकंद वाचतात, १४४ वरून २४० ला जाताना तीनाच्याही आत. पहिली उडी कुणालाही कळते, अगदी डेस्कटॉपवर खिडकी ओढताना. दुसरी उडी नेमबाजीत हात बसलेल्यांना कळते.

गेमिंगसाठी ६० हर्ट्झचा ४के मॉनिटर घेऊ नका. संथ गेमच खेळत असाल तरी नको. १४४ किंवा १६० हर्ट्झ हा माझ्या मते मध्यबिंदू आहे: तुमचं कार्ड आज ९० फ्रेम देत असेल तर उद्याच्या कार्डासाठी जागा उरते आणि जे कधी वापरणार नाही त्याचे पैसेही जात नाहीत.

खोक्यावर '१ मिलीसेकंद' लिहिलंय. विश्वास ठेवावा का?

तो आकडा बहुतेक वेळा ओव्हरड्राइव्ह टोकाला नेऊन काढलेला असतो. ओव्हरड्राइव्ह म्हणजे पिक्सेलने रंग पटकन बदलावा म्हणून त्याला दिलेला जादा धक्का. धक्का जास्त झाला की पिक्सेल ठरलेल्या रंगाच्या पुढे जातो आणि हलत्या वस्तूमागे उजळ, उलट्या रंगाची सावली उमटते. मेनूत तीन-चार पायऱ्या दिलेल्या असतात, त्यांतली मधली ठेवा. एलसीडीमध्ये हा आकडा पाहून मॉनिटर निवडू नका. ओएलईडीत पिक्सेल खरोखरच क्षणार्धात बदलतो, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

आयपीएस, व्हीए, मिनी एलईडी, ओएलईडी… घ्यावा कोणता?

इथे रिझोल्यूशनपेक्षाही मोठा फरक पडतो, आणि लोक नेमकी इथेच घाई करतात.

आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पॅनलचे दोन प्रकार. आयपीएसचे रंग विश्वासार्ह असतात, बाजूने पाहिलं तरी फारसे बदलत नाहीत. उणीव काळ्या रंगाची. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याच्या आणि काळ्याच्या उजेडाचं गुणोत्तर, साधारण १०००:१ असल्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळं आकाश राखाडी दिसतं. व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ किंवा त्याहून जास्त असतो, त्यामुळे गुहा, रात्र, अवकाश छान उतरतं. पण बऱ्याच व्हीए पॅनलमध्ये गडद रंग बदलायला वेळ घेतात. अंधाऱ्या गल्लीत धावताना भिंतींच्या कडांमागे काळा ओघळ लांबत जातो. एकदा तो डोळ्यांना दिसला की पुढे दिसतच राहतो, म्हणून व्हीए घेणार असाल तर आधी प्रत्यक्ष चालताना पाहा.

मिनी एलईडी हा पॅनलचा वेगळा प्रकार नव्हे, एलसीडीच्या मागच्या दिव्यांची वेगळी मांडणी आहे. दिवे शेकडो भागांत विभागलेले असतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे मंद किंवा तेज होतो. बऱ्याच ३२ इंची मॉनिटरमध्ये असे ११५२ भाग असतात. मोठा आकडा वाटतो, पण ८३ लाख पिक्सेलांना भागून पाहा: एका भागाच्या वाट्याला ७२०० पिक्सेल येतात. म्हणून काळ्या पडद्यावर पांढरा माऊस फिरवला की त्याच्याभोवती प्रकाशाचं वलय फिरतं. उजेडाच्या खोलीत खेळणाऱ्यांसाठी आणि प्रखर एचडीआरची, म्हणजे गडद आणि तेजस्वी भागांतला मोठा फरक दाखवणाऱ्या चित्राची, आवड असणाऱ्यांसाठी मात्र हाच पर्याय उत्तम.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळं म्हणजे खरंच काळं, वलय नाही, ओघळ नाही. ३२ इंची ४के २४० हर्ट्झचे ओएलईडी गेमिंग मॉनिटर २०२४ पासून मिळू लागले, २७ इंचात ते २०२५ मध्ये आले. अंधार करून खेळणाऱ्या माणसाला मी दुसरं काही सुचवणार नाही. उजेडाच्या खोलीत क्यूडी-ओएलईडी हा ओएलईडीचा प्रकार घेताना मात्र एक गोष्ट लक्षात घ्या: या पॅनलमध्ये पोलरायझर (बाहेरचा उजेड परतवू न देणारा थर) नसतो, त्यामुळे समोरून खिडकीचा उजेड पडला की काळा रंग जांभळट-राखाडी दिसू लागतो. खिडकी पडद्याच्या समोर येत असेल तर आधी टेबल फिरवा.

ओएलईडीवर कायमचा डाग पडतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. एकच स्थिर चित्र, म्हणजे टास्कबार, गेममधली आरोग्यपट्टी, कोपऱ्यातला नकाशा, हजारो तास एकाच जागी राहिलं तर तिथले पिक्सेल इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि फिकट ठसा उरतो. मॉनिटर स्वतःहून चित्र किंचित सरकवतो, स्थिर भाग मंद करतो, बंद असताना पिक्सेल सारखे करण्याची प्रक्रिया चालवतो. त्या प्रक्रियेच्या वेळी मागचा स्विच बंद करू नका, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सरळ हिशेब असा: मॉनिटर दिवसा आठ तास स्प्रेडशीटसाठी आणि रात्री दोन तास गेमसाठी वापरणार असाल तर आयपीएस किंवा मिनी एलईडी घ्या. वापर मुख्यतः गेम आणि सिनेमाचा असेल तर बिनधास्त ओएलईडी घ्या, टास्कबार आपोआप लपणारा ठेवा, आणि डागासाठी वॉरंटी लागू आहे का ते लिखित अटींत स्वतः वाचा.

एचडीआर लिहिलेला प्रत्येक मॉनिटर खरंच एचडीआर दाखवतो का?

नाही. व्हेसा या डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआर ही श्रेणी आणली. त्यातल्या ४०० च्या पायरीला ४०० निट्सची (निट हे प्रखरतेचं एकक) कमाल प्रखरता लागते, पण दिवे भागांत मंद करण्याची अट नाही. अशा मॉनिटरवर एचडीआर चालू केलं की सगळा पडदाच उजळतो आणि चित्र धुतल्यासारखं दिसतं. तिथे एचडीआर बंद ठेवलेलंच बरं. एलसीडीत १००० च्या पायरीपासून सूर्य, स्फोट, पाण्यावरची चमक खरी वाटू लागते. ओएलईडीसाठी ट्रू ब्लॅक नावाची वेगळी श्रेणी आहे. तिचा ४०० हा आकडा आणि साध्या श्रेणीतला ४०० यांची तुलना करू नका, कारण ट्रू ब्लॅकमध्ये खरी कसोटी काळ्या रंगाची असते.

केबल आणि पोर्ट यांत एवढं काय बघायचं?

खूप बघायचं. ४के १४४ हर्ट्झ, १० बिट रंग याचा गुणाकार करा: दर सेकंदाला सुमारे ३५.८ गिगाबिट, तेही मधली तांत्रिक भर न धरता. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून प्रत्यक्ष वाहतात २५.९ गिगाबिट. म्हणजे चित्र तसंच्या तसं मावत नाही. २०१८ मध्ये ४के १४४ हर्ट्झचे पहिले गेमिंग मॉनिटर आले, एसुसचा पीजी२७यूक्यू आणि एसरचा एक्स२७, तेव्हा १४४ गाठण्यासाठी रंगांची माहिती कमी करावी लागत होती आणि रंगीत अक्षरांच्या कडा त्यामुळे फिसकटायच्या. आता डीएससी नावाचं आकुंचन वापरलं जातं. त्याने चित्र लहान होऊन जातं आणि मॉनिटरमध्ये उलगडतं. मी शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला, मला फरक दिसला नाही. डीएससीला घाबरू नका.

एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ गिगाबिट, म्हणजे ४केला ६० हर्ट्झ. एचडीएमआय २.१ ची ४८ पर्यंत. पण '२.१' हा शिक्का पाहून थांबू नका: त्यातल्या बऱ्याच सुविधा नियमानेच ऐच्छिक आहेत, त्यामुळे शिक्का असूनही पोर्ट कमी क्षमतेचं असू शकतं. तपशिलात किती गिगाबिट आणि कोणत्या पोर्टवर किती हर्ट्झ लिहिलंय ते शोधा. डिस्प्लेपोर्ट २.१ मध्ये ८० गिगाबिटपर्यंत जाता येतं, पण तिथेही वेगाच्या निरनिराळ्या पायऱ्या आहेत.

माझा अनुभव सांगतो. ४के १४४ हर्ट्झचा मॉनिटर लावल्यावर खेळताना पडदा मध्येच दोन सेकंद काळा व्हायचा आणि परत यायचा. मी ड्रायव्हर पुसून नवे टाकले, कार्ड काढून पुन्हा बसवलं, वीजपुरवठ्यावर संशय घेतला. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी टेबलामागून नीट ओढून घेतलेली तीन मीटरची जुनी केबल काढली आणि खोक्यात आलेली दीड मीटरची आखूड केबल लावली. त्यानंतर पडदा एकदाही काळा झाला नाही. तेव्हापासून कुणी 'मॉनिटर लुकलुकतो' म्हणालं की मी आधी केबलची लांबी विचारतो. सोबत आलेली केबलच वापरा. दुसरी घ्यावीच लागली तर एचडीएमआयसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' असं प्रमाणित लेबल पाहून घ्या, आणि जमेल तेवढी आखूड.

जी-सिंक आणि फ्रीसिंक यांत कोणतं बघावं?

दोन्हींचं काम एकच: कार्डाची फ्रेम तयार होईल तेव्हाच मॉनिटरने चित्र बदलायचं, म्हणजे चित्र मध्ये फाटत नाही आणि अडखळत नाही. एनव्हिडियाने जी-सिंक २०१३ मध्ये आणलं, त्यासाठी मॉनिटरमध्ये खास चिप लागायची. एएमडीचं फ्रीसिंक व्हेसाच्या खुल्या मानकावर बसलं आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही अशा मॉनिटरवर चालू लागली. त्यामुळे आज नावावरून भांडण्यात अर्थ उरलेला नाही. ४केला फ्रेम वरखाली फार होतात, म्हणून ही सोय असायलाच हवी, आणि तिची कक्षा ४८ हर्ट्झपासून किंवा त्याखालून सुरू होते ना, एवढं पाहा.

प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स जोडायचा असेल तर?

एचडीएमआय २.१ असलेला मॉनिटर घ्या, म्हणजे ४केला १२० हर्ट्झ मिळेल. प्लेस्टेशन ५ ला बदलत्या रिफ्रेश रेटची सोय एप्रिल २०२२ मध्ये आणि १४४०पीची सप्टेंबर २०२२ मध्ये मिळाली. कन्सोलला डिस्प्लेपोर्ट नसतं, त्यामुळे मॉनिटरचा उत्तम वेग फक्त डिस्प्लेपोर्टवर असेल तर कन्सोलच्या वाट्याला तो येत नाही. संगणक आणि कन्सोल दोन्ही असतील तर एचडीएमआय पोर्टं किती आहेत तेही मोजा. १२० हर्ट्झच्या पुढचा वेग कन्सोलला उपयोगाचा नाही.

वक्र पडदा? अल्ट्रावाइड?

१६:९ च्या २७ इंचावर वक्रतेची गरज नाही. ३४ इंची, ३४४० × १४४० चा अल्ट्रावाइड, म्हणजे जास्त रुंद पडदा, सुमारे ४९ लाख ५४ हजार पिक्सेलांचा असतो, म्हणजे कार्डाला ४केपेक्षा बराच हलका, आणि विमान किंवा गाडी चालवण्याच्या गेममध्ये त्याची मजा वेगळीच. पण त्याची घनता २७ इंची १४४०पीइतकीच असते, आणि काही गेम दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवतात.

४केवर अक्षरं फार बारीक दिसतात. डोळे दुखतात.

विंडोजमध्ये स्केलिंग वाढवा. २७ इंचाला १५० टक्के, ३२ इंचाला १२५ ते १५०. याने गेमच्या रिझोल्यूशनला धक्का लागत नाही.

आणि इथे आपल्या भाषेचा एक खास फायदा आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. देवनागरी अक्षरांत बारकावे जास्त. ९२ घनतेच्या पडद्यावर 'राष्ट्रांत' लिहा आणि जवळून पाहा: ष, ट आणि खालचा रकार एकमेकांत मिसळून डाग झालेला दिसेल, अनुस्वाराचा टिंब शिरोरेषेला चिकटेल. तोच शब्द १६३ घनतेच्या पडद्यावर १५० टक्क्यांनी पाहा. रकाराच्या दोन्ही तिरक्या रेघा वेगळ्या दिसतात, टिंब गोल दिसतो. दिवसभर मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यासाठी मला हे कारण एकटंच पुरेसं वाटतं.

ओएलईडीत उपपिक्सेलची मांडणी वेगळी असल्याने अक्षरांच्या कडांना हिरवट-गुलाबी छटा दिसू शकते. १०९ घनतेला ती खुपते, १३८ ला कमी होते, १६३ ला मी ती शोधूनच पाहतो.

मॉनिटर घरी आला. पहिल्या दिवशी काय तपासू?

सर्वांत आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि रिफ्रेश रेट पाहा. बऱ्याचदा तो ६० वरच राहिलेला असतो आणि लोक महिनोन्‌महिने १४४ चा मॉनिटर ६० वर चालवतात. मग मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक किंवा ॲडाप्टिव्ह सिंक चालू आहे का ते पाहा.

त्यानंतर पूर्ण पडदाभर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे कोरे रंग एकेक करून लावा आणि मेलेले किंवा अडकलेले पिक्सेल शोधा. पडद्यावरची धूळही तशीच दिसते, म्हणून आधी कोरड्या मऊ फडक्याने पुसा. काळा रंग रात्री, दिवे बंद करून पाहा. आयपीएसच्या कोपऱ्यांत थोडी चमक असतेच. डोकं हलवलं की ती सरकत असेल तर तो पॅनलचा स्वभाव आहे. हलवूनही एकाच जागी पिवळा पट्टा राहत असेल तर मागचा प्रकाश गळतोय, तो दोष. दोन-तीन मेलेले पिक्सेल अनेक कंपन्या दोष मानत नाहीत, त्यामुळे परत करायची मुदत संपण्याआधीच हे सगळं उरका. तोपर्यंत खोका आणि आतले थर्माकोलचे साचे फेकू नका, कारण साच्याशिवाय एवढा पातळ पडदा परत पाठवता येत नाही.